टीव्हीला आई सापडत नाही

"बारके, टीव्हीला परत सर्व्हर सापडत नाहीये," दादाने जिन्याखालून हाक मारली.

बारकी वर आपल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. सर्व्हर का सापडत नाही याचं उत्तर तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर उघडंच होतं. एका चौकोनात बरोबरची खूण होती आणि ती तिनेच सकाळी कामावर जाण्याआधी केली होती.

"आले," ती म्हणाली आणि सावकाश चपला शोधायला लागली.

बारकी काही बारकी राहिली नव्हती. चाळिशी उलटली होती. एका मोठ्या हॉटेलातलं सगळ्या मजल्यांवरचं नेटवर्क ती सांभाळायची, हाताखाली माणसं होती. पण शेंडेफळ म्हणून जे नाव पडलं ते पडलं. लग्न केलं नाही, त्यामुळे घर सुटलं नाही आणि घर सुटलं नाही त्यामुळे नावही सुटलं नाही. घर दोन मजल्यांचं. खाली रस्त्याच्या बाजूला शिवणकामाचं दुकान, त्याच्या मागे दादा-वहिनींचं बिऱ्हाड. वर बारकीची एकच मोठी खोली आणि तिच्यापुढे कपडे वाळत घालायची गच्ची.

दुकान आईने उभं केलेलं. आई शिवायची आणि शिकवायचीही. तिच्या क्लासातून शिकून गेलेल्या बायका ठिकठिकाणी आपापली मशीन टाकून बसल्या होत्या. पुढे आईची बोटं आखडायला लागली, कात्री धरवेना, तेव्हा बारकीने एक कॅमेरा आणला आणि सुट्टीच्या दिवशी एकेक धडा चित्रित करायला सुरुवात केली. कॉलर कशी बसवायची, खिसा कसा कापायचा, बाही मुंढ्याला जोडताना चुण्या कशा पडू द्यायच्या नाहीत. आई टेबलापाशी उभी राहून बोलायची, दादा बाजूला दिवा धरून उभा राहायचा आणि मागितलं की टेप, खडू हातात द्यायचा. ते सगळे धडे बारकीने आपल्या टेबलाखालच्या एका काळ्या डब्यात साठवले. तोच सर्व्हर. घरातल्या कुठल्याही टीव्हीवर, कुठल्याही फोनवर तो आपोआप दिसायचा. नाव निवडायचं आणि धडा लावायचा.

गेल्या वर्षी आई गेली.

तेव्हा बारकी दुसऱ्या शहरात होती. हॉटेलची नवी शाखा उघडत होती आणि तिथलं जाळं उभं करायला तिला पाठवलं होतं. दादाचा फोन आला, आईला ताप आहे, दवाखान्यात ठेवलंय, डॉक्टर बघतायत.

"मी निघते," बारकी म्हणाली होती.

"धावत येण्यासारखं काही नाही. तुझं काम संपव आणि ये."

"तिला फोन दे."

"झोपलीये."

दुसऱ्या दिवशीही ती झोपलेली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी इंजेक्शन दिलं होतं. मग एका सकाळी दादाचा आवाज फाटल्यासारखा आला, ये म्हणाला. बारकी पोचली तेव्हा वॉर्डातल्या त्या खाटेवर आया नवी चादर घालत होती. बारकी भिंतीला टेकून खाली बसली आणि रडता रडता म्हणाली, मीच यायला हवं होतं, मला कळायला हवं होतं. दादाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू तरी काय करणार," तो म्हणाला होता.

तो हात बारकीला पुढे कित्येक महिने आधार वाटत राहिला. मग एक दिवस दुकानात सिस्टरबाई आल्या.

सिस्टरबाई त्याच दवाखान्यात नर्स होत्या. गणवेश कमरेत सैल झाला म्हणून घट्ट करून घ्यायला आल्या होत्या. दादा कापड आणायला गेला होता आणि वहिनी आत होती, म्हणून माप घ्यायला बारकीच उभी राहिली.

"तू ती मुलगी का," सिस्टरबाई आरशातून तिच्याकडे बघत म्हणाल्या. "जिला रजा मिळत नव्हती?"

"कसली रजा?"

"अगं, तुझ्या आईची. मी त्यांच्या वॉर्डाला होते. पाळी बदलली की विचारायच्या, बारकी आली का. तुझा भाऊ सांगायचा, फोन झाला, तिला रजा मिळत नाहीये. फार जिवाला लागलं होतं त्यांच्या." मग बारकीचा चेहरा बघून त्या जरा नरमल्या. "नोकरी म्हटलं की चालायचंच. मनाला लावून घेऊ नकोस."

बारकीने टेप गुंडाळून ठेवला. माप लिहून घेतलं. इतके महिने ती स्वतःला खात होती. आईला काहीतरी वाटलं असेल, आईने वाट बघितली असेल, आपल्याला उशीर झाला. आता कळलं की उशीर झालाच नव्हता, तो केला गेला होता. आई गेली ती पोरीने पाठ फिरवली असं समजून गेली. आणि ज्याने हे केलं त्यानेच पाठीवरून हात फिरवला होता.

भांडावं, आरडाओरडा करावा असं तिच्या मनात आलं नाही. दादा रडला असता, पाया पडला असता, आणि मग तिला माफ करावं लागलं असतं. इतक्या स्वस्तात त्याला सोडायची तिची तयारी नव्हती. त्याचं काहीतरी असं काढून घ्यायला हवं होतं की दुखेल तर खरं, पण कुणी घेतलं ते कळणार नाही. काय काढून घ्यायचं याचा विचार करायची वेळच आली नाही. त्याच आठवड्यात वहिनी सहज बोलून गेली, "रोज दुपारी दुकानाला कुलूप लावून जेवायला बसतात ना, तेव्हा टीव्हीवर आईंचा धडा लागतो. एकही दिवस चुकत नाही. सिनेमा लावला तर जेवण जात नाही बघ."

झालं. सुंठीवाचून खोकला गेला.

घर लांबट होतं आणि वरच्या राउटरचं वायफाय खाली पुरत नव्हतं, म्हणून बारकीनेच मागे खालच्या बैठकीत भिंतीवर दुसरा पांढरा डबा लावला होता. नाव तेच, पासवर्ड तोच. वर असाल तर फोन वरच्या डब्याला चिकटायचा, खाली आलात की खालच्याला. त्या खालच्या डब्याच्या सेटिंगमध्ये एक चौकोन होता. हॉटेलात पाहुण्यांसाठी तो कायम लावलेला असतो. त्याने होतं असं की प्रत्येकाला इंटरनेट मिळतं, पण एका खोलीतल्या पाहुण्याला दुसऱ्या खोलीतल्याचं काही दिसत नाही. बारकीने आपल्या भावाला त्याच्याच घरात पाहुणा करून टाकलं.

दुपारी दादा ताट घेऊन बसला आणि टीव्हीवर पाटी आली, सर्व्हर सापडला नाही.

संध्याकाळी बारकी कामावरून आल्यावर पहिल्यांदा त्याने हाक मारली तेव्हा तिला थोडं वाईट वाटलं. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा तर तिला गंमत वाटायला लागली. ती खाली यायची, लॅपटॉप उघडायची आणि अगदी मन लावून शोधायचं नाटक करायची. हॉटेलात एखाद्या नव्या पोराला शिकवताना ती ज्या पायऱ्या सांगायची, त्या सगळ्या दादाकडून करून घ्यायची.

"टीव्ही बंद कर. रिमोटने नाही, मागून वायर काढ."

दादा कमरेचा पट्टा लावलेला माणूस. वाकून वाकून टीव्हीमागची वायर काढायचा.

"आता थांब. लगेच लावू नकोस."

तो वायर हातात धरून उभा राहायचा.

"आता लाव. सेटिंगमध्ये जा. नेटवर्क. तिथे आकडे दिसतील ते वाच."

दादाला चष्म्याशिवाय दिसायचं नाही. चष्मा दुकानात राहिलेला असायचा. तो जायचा, चष्मा घेऊन यायचा, पडद्याला नाक लावून आकडे आणि त्यांच्यामधले ठिपके एकेक करून वाचायचा. बारकी मान हलवायची. ते आकडे तिला पाठ होते.

"इंटरनेट तर चालतंय," दादा म्हणायचा. "सिनेमे लागतात, गाणी लागतात, बातम्या लागतात. आईच तेवढी लागत नाही."

"बघते."

मग दोन दिवस ती चौकोन काढून टाकायची. आई टीव्हीवर यायची. दादा वर बघून म्हणायचा, झालं गं, सापडलं बरं का, हुशार आहेस. आणि त्याचा जीव भांड्यात पडला की बारकी पुन्हा खूण करायची. एकदाच तोडलं असतं तर त्याने सवय करून घेतली असती. असं येऊन जाण्याने सवय होत नाही. माणूस रोज नव्याने वाट बघतो. हे तिने मुद्दाम ठरवलं होतं आणि ठरवताना तिला दवाखान्यातली खाट आठवत होती.

दादाने नवी वायर आणली. टीव्ही जुना झाला म्हणून विकला आणि नवा आणला. नव्या टीव्हीवरही तीच पाटी आली. तो जेवायला कमी बसायला लागला. दुपारी दुकान बंदच करेना, कापत राहायचा. एकदा त्याने एका गिऱ्हाइकाचं कापड उलट्या बाजूने कापलं. असं कधी झालं नव्हतं. वहिनीने हे सांगितलं तेव्हा बारकी "अरेरे" म्हणाली आणि वर जाऊन आरशात स्वतःचं तोंड बघितलं. ते शांत होतं.

वहिनीला मात्र कुणी कधी हिशेबात धरत नसे. ती कमी बोलायची आणि कपडे वाळत घालायला रोज गच्चीवर यायची. एक दिवस बादली खाली ठेवून तिने फोन काढला. बाहेरगावी असलेल्या मुलीचा फोन आला असेल म्हणून बघत होती, तर बोट भलतीकडे लागलं आणि फोनवर आई बोलायला लागली. "कापडाला कधी ओढू नये, कापड आपणहून जिथे जाईल तिथे जाऊ द्यावं." वहिनी दचकली. मग आनंदाने फोन तसाच धरून नवऱ्याला दाखवायला जिना उतरायला लागली. अर्ध्या जिन्यात आईचं तोंड उघडं राहिलं आणि चित्र गोठलं. वहिनी चार पायऱ्या वर आली. आई बोलायला लागली. वहिनी खाली गेली. आई गप्प. वहिनीने बादलीचा नाद सोडला आणि बराच वेळ जिन्यात वर-खाली करत राहिली.

त्या संध्याकाळी बारकी कामावरून आली तेव्हा वहिनी तिच्या खोलीत खुर्चीवर बसलेली होती.

"वरती सापडतं, खालती सापडत नाही," वहिनी म्हणाली. "खालचा डबा तू लावलास. तुला हे कळलं नाही असं मला कुणी सांगितलं तर मी हसेन."

बारकीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मी त्यांना सांगितलेलं नाही. का करतेस ते मला सांग."

मग बारकीने सांगितलं. सिस्टरबाई, रजा, पाळी बदलली की विचारायच्या, सगळं. वहिनी ऐकत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. संपल्यावर तिने विचारलं नाही की हे खरं आहे का. तेव्हा बारकीच्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं."

"मी त्यांचं अंग पुसायची, बारके. त्या विचारायच्या आणि हे सांगायचे. मी चादर नीट करत बसायची. नीटच असायची ती."

"आणि मला फोन नाही केलास."

"नाही केला. नवऱ्याला खोटं पाडायचं धाडस नाही झालं. माझ्यावर काय सूड घ्यायचा तो घे, माझी ना नाही." तिचा आवाज चढला नाही. "पण तू चालवलंयस ते मला पटत नाही. ते वेडे होऊन जातील आणि त्यांना कळणारही नाही कशामुळे. त्यांना वाटतं टीव्ही बिघडलाय. शिक्षा कसली हे माणसाला कळायला नको का? सूडच घ्यायचा तर तोंडावर घे. भिंतीमागून काय घेतेस."

वहिनी खाली निघून गेली. बारकीला तिचा राग आला, मग तिचं म्हणणं बरोबर आहे याचा राग आला. दादाला दुखत होतं, पण त्या दुखण्यावर बारकीचं नाव नव्हतं. तिला ते तिथे हवं होतं.

संधी आपणहून चालत आली. आईच्या जुन्या विद्यार्थिनींनी ठरवलं की बाईंच्या वाढदिवसाला सगळ्यांनी दुकानात जमायचं. दादाला तर भरून आलं. मशीनं भिंतीला लावून त्याने बैठक आणि दुकान यांच्यामधलं दार काढलं, खुर्च्या मागवल्या. आणि नवा टीव्ही मध्यभागी ठेवला. बाईंचे धडे लावायचे, सगळ्यांनी एकत्र बघायचे.

"त्या दिवशी तरी चालायला हवं गं," तो बारकीला म्हणाला. "नाहीतर लाज जाईल माझी."

"चालेल," बारकी म्हणाली.

दुपारी बायका जमल्या. काही केस पिकलेल्या, काही लेकी-सुना बरोबर घेऊन आलेल्या. एकमेकींच्या अंगावरचे कपडे चिमटीत धरून शिलाई बघत होत्या, कुणाची टीप वाकडी गेली त्यावर हसत होत्या. सिस्टरबाईही आल्या होत्या. त्यांना बारकीनेच बोलावलं होतं. वहिनी चहाचे पेले फिरवत होती आणि बारकीच्या नजरेला नजर देत नव्हती.

दादा उठला. आईबद्दल चार शब्द बोलला, चांगले बोलला. मग रिमोट उचलला. पाटी आली. सर्व्हर सापडला नाही.

कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं, असंच असतं या मेल्या मशीनांचं. दादाच्या कपाळावर घाम आला. "बारके, बघ जरा."

बारकी लॅपटॉप घेऊन टीव्हीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"दादा, हे कसं चालतं तुला सांगू का," ती म्हणाली. आवाज एवढाच की शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल. "टीव्ही चालू झाला की तो घरभर हाक मारतो, कुणी आहे का. सर्व्हर वरून उत्तर देतो, मी आहे. टीव्हीही चांगला आहे, सर्व्हरही चांगला आहे. सर्व्हरने प्रत्येक वेळी उत्तर दिलं असतं. पण मधे एकजण बसलाय, तो हाक वर जाऊच देत नाही. आणि टीव्हीला सांगतो, तिकडे कुणी नाही."

"मग काढ ना त्याला," दादा म्हणाला. त्याला अजून कळलं नव्हतं.

"काढते. त्याआधी एक सांग. दवाखान्यात आई माझ्याबद्दल विचारायची, तेव्हा तू तिला काय सांगायचास?"

आधी कुणाला काही कळलं नाही. मग सिस्टरबाईंनी पेला खाली ठेवला त्याचा आवाज झाला. दादाने त्यांच्याकडे बघितलं, मग वहिनीकडे. वहिनी ट्रे छातीशी धरून उभी होती.

"घरातलं घरात बोलू," तो हळूच म्हणाला.

"आई घरात नव्हती. वॉर्डात होती, दहाजणांत. तिथे सांगितलंस, इथेही सांग. मग लावते."

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती आणि त्या खोलीत टाचण्यांना तोटा नव्हता. दादा रिमोटकडे बघत होता. त्याच्या हाताला अजून खडू लागलेला होता. नाही म्हणाला असता, निघून गेला असता, तर बारकी काय करणार होती हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

"मी सांगायचो, तिला रजा मिळत नाही," दादा म्हणाला.

"आणि मी रजा मागितली होती?"

"आई किती आजारी आहे ते मी तिला कळवलंच नव्हतं." हे तो बारकीला नाही, समोरच्या बायकांना सांगत होता. "ती आली असती तर सगळं तिच्या हातात गेलं असतं. लहानपणापासून तेच. डॉक्टर तिच्याशी बोलले असते, आई तिच्याकडे बघत बसली असती. मी आईबरोबर जन्मभर त्या टेबलापाशी उभा राहिलो, दिवा धरून. मला वाटलं थोडे दिवस आई माझी एकट्याची असू दे. ती बरी होईल असं वाटलं होतं. बरी झाली की सांगू."

बारकीने चौकोनातली खूण काढली. टीव्हीच्या पडद्यावर सर्व्हरचं नाव उमटलं. तिने दादाच्या हातातून रिमोट घेतला, पहिला सापडला तो धडा लावला आणि आवाज वाढवला. आई पडद्यावर आली, कापड झटकलं आणि म्हणाली, "लक्ष द्या, मी परत सांगणार नाही." काही बायका रडल्या, काही हसल्या. दादा आतल्या खोलीत गेला आणि सगळे जाईपर्यंत बाहेर आला नाही.

बारकीला वाटलं होतं नंतर पश्चात्ताप होईल. झाला नाही. त्या रात्री तिला आई गेल्यापासून आली नव्हती अशी झोप आली. पण पाचसहा दिवसांनी तीच गोष्ट मनात पुन्हा लावून बघितली तर पहिल्यासारखी चव लागेना. दादा सगळ्यांसमोर लाजला, खरं. आई मात्र त्या बायकांत नव्हती. तिच्या मनात जे राहिलं ते राहिलंच.

खाली टीव्ही आता नीट चालत होता, पण दादा धडे लावत नव्हता. वहिनीने सांगितलं, जेवताना भिंतीकडे बघतात. बहीण-भावात कामापुरतं बोलणं उरलं. पाण्याची मोटर लाव, किल्ली कुठे आहे. जुन्या विद्यार्थिनींपैकी दोघीतिघी दुकानात यायच्या बंद झाल्या आणि एकीने रस्त्यात बारकीला अडवून सांगितलं, तू केलंस ते बरोबर असेल, पण वाढदिवसाच्या दिवशी नको होतं. बारकी म्हणाली, तुमचं बरोबर आहे, आणि पुढे गेली.

मग एका सुट्टीच्या दिवशी तिने सगळे धडे एका लहान डिस्कवर उतरवले आणि दुकानात जाऊन ती दादासमोर कापायच्या टेबलावर ठेवली.

"टीव्हीला मागून लाव. वायफाय लागत नाही, मी लागत नाही. कुणाला हाक मारायला नको."

दादाने डिस्क हातात घेतली. उपकार म्हणून दिली की तोडून टाकायला दिली ते त्याला कळत नव्हतं. बारकीलाही ते नक्की सांगता आलं नसतं. ती वळली तसा तो म्हणाला, "तिने विश्वास ठेवला नव्हता."

"कुणी?"

"आईने. पहिल्या दिवशी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी परत म्हटलं रजा मिळत नाही, तर माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बारकी रजा मागत बसणारी नाही. तिला कळलं असतं तर ती नोकरी टाकून आली असती. म्हणजे तू तिला खरं सांगितलंच नाहीस. आणि भिंतीकडे तोंड केलं. मग पुढे नर्सला विचारायची, तुझ्या वहिनीला विचारायची, माझ्यासमोर मुद्दाम विचारायची. माझ्याशी शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही."

बारकीने टेबलाची कड धरली. इस्त्रीतून वाफ निघत होती, दादाने हात लांब करून ती बंद केली.

"मग मला बोलावलं का नाहीस? तिला कळलंच होतं तर."

"लाज वाटली. आता बोलावलं तर ती तुला सांगेल. उद्या बोलावू म्हटलं, आणि उद्याला ती गेली." तो थांबला. "त्या धड्यांत ती माझ्याशी बोलते. दादू, खडू दे, दादू, दिवा जरा इकडे घे. तेवढ्यासाठी लावायचो."

"हे तू मला वर्षभर सांगितलं नाहीस. मी वर्षभर समजत होते की ती—"

"हो."

"का?"

दादाने तिच्याकडे सरळ बघितलं. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच. "तुला बरं वाटलं असतं. शेवटी तिने तुझीच बाजू घेतली हे मी तुला माझ्या तोंडाने का सांगावं? ठरवलं होतं, कधीच सांगायचं नाही."

बारकीला वाटलं होतं की या घरात सूड घेणारी आपण एकटीच आहोत. तिच्या आधीपासून खाली कुणीतरी तेच करत बसलं होतं, काही न करता, नुसतं तोंड मिटून. तिला दादाच्या तोंडात मारावंसं वाटलं आणि त्याच वेळी आईने भिंतीकडे तोंड फिरवलेलं तिला दिसलं, आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदा तिच्या छातीतला दगड हलला. दोन्ही एकदमच झालं. एकातून दुसरं वेगळं काढणं तिला जमेना.

"मग आता का सांगितलंस?" तिने विचारलं.

"तू मला सगळ्यांसमोर उघडं केलंस. आता लपवायला माझ्याकडे एवढंच उरलं होतं आणि ते एकट्याने सांभाळायचा कंटाळा आला."

"मी तुला माफ केलेलं नाही," बारकी म्हणाली.

"मी मागितली नाही. मीही तुला केलेलं नाही. वाढदिवस होता तिचा."

आतून वहिनीने विचारलं, जेवायला वाढू का, आणि किती ताटं. दादाने बारकीकडे बघितलं. बारकीने एक स्टूल ओढलं, टेबलावरच्या कापडाच्या चिंध्या हाताने बाजूला सारल्या आणि म्हणाली, "तीन."